स्टॅटिक वापरू की नको? तुम्ही विचारलंत म्हणून

मालवणात बसून मी बाहेरच्या कंपन्यांसाठी कोड लिहितो, हे कळल्यापासून आसपासच्या कॉलेजांतली मुलं सुट्टीत घरी येतात. खळ्यात खुर्च्या टाकतो (नेटवर्क तिथंच धड मिळतं), चहा होतो आणि मग हटकून तोच प्रश्न. ‘सर, हेल्पर क्लास करावा की नाही? स्टॅटिक मेथड म्हणजे वाईट कोड, असं इंटरव्ह्यूत सांगतात.’ दरवेळी मी माझी एक फजिती सांगतो. या वेळी लिहूनच टाकतो.

नवख्यांसाठी दोन शब्द: मेथड म्हणजे कोडमधलं एक काम, क्लास म्हणजे माहितीचा आणि अशा कामांचा साचा, त्या साच्यातून ऑब्जेक्ट घडवतात. स्टॅटिक मेथडला ऑब्जेक्ट न करताच, थेट क्लासच्या नावानं हाक मारता येते. अशा सुट्या मेथडचा गठ्ठा म्हणजे हेल्पर क्लास. आता आधी एवढंच, की स्टॅटिक हे काही पाप नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला मॅथ क्लास बघा. दोन आकड्यांतला मोठा कुठला, वर्गमूळ किती, सगळ्या मेथड स्टॅटिक. त्याचं ऑब्जेक्ट करायला गेलात तर होत नाही, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवणारा कोड) प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांना बंद ठेवलाय. आणि ते बरोबरच आहे. वर्गमूळ काढायला कोणाची ओळखदेख लागत नाही.

आता फजिती. इथल्या एका मच्छीमार संस्थेसाठी मी डिझेलच्या चिठ्ठ्यांचं सॉफ्टवेअर केलं होतं. नौका समुद्रात जायच्या आधी संस्थेच्या पंपावर चिठ्ठी दाखवायची आणि डिझेल भरायचं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणजे त्या काळात चिठ्ठी निघता कामा नये. मी ‘तारीख हेल्पर’ नावाचा क्लास केला आणि त्यात एक स्टॅटिक मेथड टाकली: बंदी आहे का? तिला काही द्यायचं नाही. ती आपली आपण आजचा महिना बघणार आणि हो किंवा नाही सांगणार. वापरायला इतकी सोपी की मी ती नऊ ठिकाणी वापरली.

हे ऑक्टोबरात. टेस्ट केली, ‘बंदी नाही’ असं उत्तर आलं. नोव्हेंबरात केली, तेच. बरोबरच होतं की!

1 जूनला सकाळी संस्थेतून फोन. ‘बंदी लागली, मगे ह्या मशीन चिठ्ठी कसा देता?’

जावाचं जुनं कॅलेंडर महिने शून्यापासून मोजतं. जानेवारी शून्य, जून पाच. मी 6 आणि 7 लिहून ठेवले होते, म्हणजे मशीनच्या हिशेबानं बंदी जुलै-ऑगस्टला. खरं तर 2014 च्या जावा 8 पासून तारखांची नवी, शहाणी सोय आहे, तिच्यात महिने माणसासारखे एकपासून मोजतात. मी सवयीनं जुन्यालाच धरून बसलो होतो. दहा मिनिटांत आकडे बदलले, माफी मागितली, विषय संपला असं वाटलं.

1 ऑगस्टला पहाटे चार वाजता पंपावर रांग. दोन महिने किनाऱ्यावर बसलेली माणसं, बर्फ भरून झालेला, खलाशी तयार, आणि मशीन म्हणतंय बंदी चालू आहे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर होतं. आपल्याकडे चार वाजले तेव्हा तिथं आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा झाले होते, 31 जुलै. त्या पहाटे सेक्रेटरी काकांनी चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. मला ते एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दोन्ही चुका माझ्याच, पण त्या लपून राहिल्या एकाच कारणानं. मेथडनं तारीख मागून घेतली नाही, गुपचूप घड्याळात डोकावून आली. जूनमध्ये काय होईल हे मला ऑक्टोबरात बघायचं असतं, तर सर्व्हरचं घड्याळच पुढे करावं लागलं असतं. तारीख बाहेरून दिली असती तर 31 मे, 1 जून, 31 जुलै, 1 ऑगस्ट अशा चार तारखा देऊन पाच मिनिटांत कळलं असतं. मेथड स्टॅटिकच राहिली असती, तरी चाललं असतं! आता कोणी म्हणेल, 2020 पासून मॉकिटो या जावाच्या टेस्टिंग लायब्ररीत स्टॅटिक मेथडही टेस्टपुरती खोटी करता येते. येते. गळक्या कौलाखाली बादली ठेवता येतेच.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरी एक स्टॅटिक मेथड आहे, तिनं मला कधी त्रास दिला नाही. आपले मच्छीमार खोली वावात सांगतात. एक वाव म्हणजे सहा फूट, 1.8288 मीटर. दहा वाव दिले की 18.288 येणार, पावसात, उन्हात, कुठल्याही सर्व्हरवर. अशी मेथड बिनधास्त स्टॅटिक करा. जे लागतं ते हातात द्यायचं, उत्तर घ्यायचं, तिच्या लक्षात काही राहत नाही.

हेल्पर या नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. नाव असं मोघम ठेवलं की तो क्लास घरातल्या माळ्यासारखा होतो. कुठं ठेवायचं सुचत नाही, टाक माळ्यावर. माझ्या तारीख हेल्परमध्ये वर्षभरात मोबाईल नंबर तपासणं आलं, एसएमएस पाठवणं आलं, आणि नौकेचा परवाना संपला का हेही आलं. या शेवटच्या मेथडला अख्खी नौका द्यायची, मग ती नौकेतून परवान्याची तारीख काढणार, मुदत काढणार, नूतनीकरण झालंय का बघणार. सगळी माहिती नौकेची, तर हा प्रश्न नौकेलाच विचारावा ना? पहिला पॅरामीटर (मेथडच्या हातात दिलेली गोष्ट) दरवेळी एकच क्लास असेल आणि तो क्लास तुमचाच असेल, तर मेथड तिकडे नेऊन टाका. स्ट्रिंगसारखा (मजकूर ठेवणारा, भाषेतच तयार मिळणारा) दुसऱ्याचा क्लास असेल तर इलाज नाही, तिथं हेल्पर चालेल. सी शार्प या दुसऱ्या भाषेनं 2007 मध्ये त्यासाठी एक्स्टेन्शन मेथड आणल्या, दिसतात त्या क्लासच्याच, पण आतून स्टॅटिकच.

बंदीच्या मेथडचं स्टॅटिकपण शेवटी गेलं, ते वेगळ्याच कारणानं. काही सभासद म्हणाले, सरकारची बंदी 31 जुलैला उठली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आम्ही नौका काढत नाही, आमच्या चिठ्ठ्या तोवर बंदच ठेवा. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, नौकेगणिक वेगळी. जावात स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या क्लासला तिचं उत्तर बदलता येत नाही. मग ‘बंदीचा नियम’ असा इंटरफेस (प्रश्न कोणता हे ठरवणारा, उत्तर न देणारा सांगाडा) केला, त्याची उत्तरं देणारे दोन क्लास, आणि प्रत्येक नौकेला तिचा नियम लावून दिला. नऊ ठिकाणी बदल करताना घाम निघाला.

पौर्णिमेची तारीख कोडनं काढायच्या फंदात मी पडलो नाही. सेक्रेटरी काका दरवर्षी भिंतीवरच्या कालनिर्णयात बघतात आणि ती एका चौकटीत टाकतात.