साठ कागद आणि एक ऊन

त्या दिवशी सकाळी नऊपासून आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या गच्चीवर काचा, ट्रे आणि टिपकागदांचा पसारा पडला होता. दुसऱ्या वर्षाची अठरा मुलं. पंधरा दिवसांपूर्वी अमावास्येच्या पहाटे, ओहोटीला कातळावर उतरून आम्ही समुद्रशैवालं गोळा केली होती. सरगॅसम, उल्वा, पंख्यासारखी पडीना. ती दाबून, वाळवून तयार होती. आता त्यांचे सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे-पांढरे ठसे, काढायचे होते, ॲना ॲटकिन्स यांनी 1843 साली काढले तसे.

ॲनाबाईंची गोष्ट मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभी राहून सांगत आले आहे. इंग्लंडमधल्या केंटच्या, जन्म 1799 चा. आई लवकर गेली. वडील जॉन चिल्ड्रन ब्रिटिश म्युझियममध्ये होते. त्यांनी भाषांतर केलेल्या शंखशिंपल्यांच्या पुस्तकासाठी लेकीने अडीचशेहून जास्त चित्रं काढली. म्हणजे चित्रकलेत हात पक्का. तरी शैवालांपाशी आल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. इतक्या बारीक वनस्पती अचूक रेखाटणं फार अवघड, असं आपल्या शैवालांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच लिहून टाकलं. वडिलांचे स्नेही जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये सायनोटाइपची रीत शोधली होती. वर्षभरात ॲनाबाईंच्या पुस्तकाचा पहिला भाग तयार झाला. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं.

हे सगळं मला पाठ होतं. हाताने मात्र कधी केलं नव्हतं.

अंधाऱ्या स्टोअररूममध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची द्रावणं मिसळून कागदांना ब्रशने लावली. कागद वाळला की त्यावर शैवाल, वर काच, कडेला चिमटे, आणि गच्चीवर उन्हात. मग पाण्यात धुवायचा. शैवालाखाली झाकलेलं रसायन निघून जातं, तिथे पांढरी आकृती उरते, भोवती निळं.

सांगायला सोपं. सरगॅसमला मण्यांसारख्या हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे काच नीट टेकेना आणि सगळ्या कडा धूसर आल्या. मग कोणीतरी स्टोअररूमचं दार उघडं टाकलं आणि दहा कागद वापरण्याआधीच निळावले. उल्वा नीट वाळली नव्हती, तिने डाग पाडले. दुपारी एक ढग आला आणि वीस मिनिटं आम्ही नुसते वर बघत उभे राहिलो.

वर्गात एक मुलगी आहे, जर्नलमधल्या आकृत्यांना तिचे दरवेळी गुण जातात. तिची पडीना पाण्यातून वर आली तेव्हा पंख्यावरची वर्तुळं एकेक मोजता येत होती. ती ओल्या हातांनी कागद धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. मीही काही बोलले नाही.

साडेचारला ऊन उतरलं. मोजलं तर साठ कागदांतले बावीस धड होते.

ॲनाबाईंनी 1843 ते 1853 अशी दहा वर्षं हे केलं. सुमारे चारशे पानं, आणि प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक पान पुन्हा नव्याने उन्हात, कारण नक्कल काढायला निगेटिव्ह नव्हतीच. वनस्पतींची नावंसुद्धा स्वतःच्या अक्षरात लिहून तशीच छापलेली. आज डझनाहून जास्त प्रती माहीत आहेत, म्हणजे हजारो कागद. तेही इंग्लंडच्या उन्हात! मधे 1852 साली वडील गेले, तरी काम पुरं केलं. माझ्या बोटांवरचे निळे डाग बघत मी तो हिशोब पुन्हा केला.

पुस्तकावर त्यांनी फक्त ए. ए. एवढंच लिहिलं होतं. पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ ‘ॲनॉनिमस अमॅच्युअर’, म्हणजे ‘अनामिक हौशी’, असा लावला. आवराआवर करताना मुलांना हे सांगितलं. पडीनावाल्या मुलीने वाळत घातलेला कागद दोरीवरून उतरवला, उलटा केला आणि मागे पेन्सिलीने आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग बाकीच्यांनीही पेन्सिली मागितल्या.

बिघडलेले अडतीस कागद मी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात ठेवले आहेत, प्रत्येकावर काय चुकलं ते लिहून. पुढच्या तुकडीला आधी तेच दाखवणार आहे.