बोगद्यात अर्धे राहिलेले वाक्य

"अगं, छोटीचा पिवळा फ्रॉक दोरीवरच राहिला बघ, तो मी..." एवढेच आई म्हणाली आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरल्यामुळे फोन तुटला.

रत्नागिरी सुटून फार वेळ झाला नव्हता. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा येताना छोटीने आनंदाने ओरडत पार केला होता. परतताना मात्र ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि पायांशी आमसुले, फणसपोळ्या व नारळ यांनी भरलेली पिशवी होती. त्या काळोखात मी आईचे वाक्य मनातल्या मनात पुरे करत राहिले. कुरियरने पाठवते म्हणाली असेल, किंवा दादाबरोबर देते म्हणाली असेल.

उजेड आला, थोड्या वेळाने रेंजही आली, तेव्हा मी पुन्हा फोन लावला.

"तो मी धुऊन कपाटात ठेवते, पाठवत नाही. दिवाळीला आलात की घालेल ती," आई म्हणाली.

दिवाळीपर्यंत तो फ्रॉक छोटीला आखूड होणार, हे तीन मुले वाढवलेल्या माझ्या आईला न कळण्यासारखे नाही. निघताना हातावर दही घालून "जाते म्हणू नकोस, येते म्हण" असे तिने नेहमीप्रमाणे बजावले होते आणि रिक्षा दारात उभी असल्यामुळे मी ते घाईघाईने म्हटले होते. चिपळूण येईपर्यंत मला त्या घाईची खंत वाटत राहिली.

तुमच्याही माहेरच्या कपाटात असा एखादा आखूड झालेला कपडा घडी करून ठेवलेला आहे का?