पैसे माझे, उड्डाण दिराचं, आणि ग्राहक मात्र कोणीच नाही!

“आपण या व्हाउचरच्या लाभार्थी नसल्यामुळे आपली विनंती विचारात घेता येत नाही.” हे वाक्य मला तोंडपाठ आहे. ईमेलवर आलं, चॅटवर आलं, एकदा तर फोनवरच्या मुलीने जसंच्या तसं वाचून दाखवलं. पैसे गेले माझ्या खात्यातून आणि विचारात घेता येत नाही ती माझीच विनंती! परतावा मिळाला, प्रकरण मिटलं, तरी ते आठवलं की अजून डोकं फिरतं. ओळखीतले दोघं-तिघं सध्या अशाच व्हाउचरमध्ये अडकलेत. त्यांना दर वेळी फोनवर सगळं रामायण सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

झालं असं, की मे 2025मध्ये धाकट्या दिराची चाळिशी होती. शर्ट, घड्याळ, पाकीट सगळं देऊन झालेलं. म्हणून त्याला आणि जावेला पुण्याजवळच्या कामशेतच्या टँडम (म्हणजे पायलटसोबत जोडीने करायच्या) पॅराग्लायडिंगची दोन गिफ्ट व्हाउचर्स दिली, मिळून 6,800 रुपयांची. विकणारी कंपनी दिल्लीकडची, असले ‘अनुभव’ ऑनलाइन विकणारी. प्रत्यक्ष उडवणारा ऑपरेटर इथलाच. व्हाउचरची मुदत खरेदीपासून सहा महिने.

मावळातला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला यातली मेख लगेच कळेल. पावसाळ्यात तिथली उड्डाणं बंदच असतात, ती साधारण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतात. त्यात 2025चा पाऊस म्हणजे 26 मेलाच मान्सून मुंबईत हजर, आणि ऑक्टोबरातही जायचं नाव घेईना. सहा महिन्यांच्या मुदतीतले चार-साडेचार महिने व्हाउचर नुसतं ईमेलमध्ये पडून राहणार, हे विकणाऱ्याला मे महिन्यातच ठाऊक असणार. पानावर मात्र निळं आभाळ, केशरी छत्री आणि ‘तुमच्या सोयीच्या दिवशी’.

दिवाळीनंतर कशीबशी एक तारीख मिळाली. दोघं पहाटे नाशिकहून निघाले. टेकडीवर पोचले तर वारा भलत्याच दिशेने. दुपारपर्यंत वाट पाहून पायलटने उड्डाण रद्द केलं. त्या पायलटबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. वारा बरा नसताना जो ‘नाही’ म्हणतो त्याच्याच पुढ्यात बांधून घ्यावं. पण पुढची तारीख मागितली तर साइटवर मुदत संपेपर्यंतचे सगळे दिवस करडे. एकही स्लॉट नाही.

मग मी एक केलं. त्याच साइटवर, त्याच ठिकाणची, मुदतीतल्याच एका शनिवारची तारीख व्हाउचरचा कोड न टाकता, नवीन गिऱ्हाईक म्हणून उघडली. स्लॉट होते! सकाळचेही होते, दुपारचेही होते, फक्त रोख पैसे मोजणाऱ्यांसाठी. एका खिडकीत करडी तारीख, शेजारच्या खिडकीत हिरवी, खाली कोपऱ्यात दोन्हींची तीच वेळ. हा स्क्रीनशॉट पुढे सगळ्यांत उपयोगी पडला. तुमचंही व्हाउचर ‘उपलब्ध नाही’ म्हणत असेल तर बाकी काही करायच्या आधी हे करून बघा. मुदत संपली की ही तुलना करता येत नाही.

मुदत संपली आणि खरा तमाशा सुरू झाला.

मी परतावा मागितला, तर वर लिहिलेलं वाक्य. लाभार्थी नाही. बरं, म्हणून दिराला लिहायला लावलं. त्याला उत्तर आलं की परताव्याची विनंती फक्त खरेदीदाराच्या नोंदणीकृत ईमेलवरूनच घेतली जाते. मी नोंदणीकृत ईमेलवरून, ऑर्डर क्रमांक टाकून, पैसे भरल्याची पावती जोडून पुन्हा लिहिलं. आता उत्तर नवीन होतं: लाभार्थ्याने कोड टाकून तारीख घेतली तेव्हाच व्हाउचरची मालकी त्याच्याकडे गेली, खरेदीदाराचा व्यवहार तिथे पूर्ण झाला. ठीक. मालक आता दीर. मग मालकाने लिहिलं. त्याला काय उत्तर यावं? “आपण कोणतीही रक्कम भरलेली नसल्याने आपल्याला परतावा देय नाही.”

म्हणजे ज्याने पैसे दिले त्याला सेवा घ्यायची नव्हती, आणि ज्याला सेवा घ्यायची होती त्याने पैसे दिले नाहीत. दोघांच्या मध्ये 6,800 रुपये कंपनीकडे सुखाने नांदताहेत. पुन्हा प्रत्येक उत्तराखाली वेगळं नाव, वेगळा तिकीट क्रमांक आणि ‘आम्ही आपल्याला मदत करू शकलो का?’ म्हणून पाच चांदण्या. चॅटवर तर आणखी गंमत. माणूस बोलायला येईपर्यंत दहा बटणं दाबायची, आणि ‘गिफ्ट दिलेलं व्हाउचर’ हे बटण दाबलं की “कृपया भेट मिळालेल्या व्यक्तीला संपर्क करण्यास सांगा” म्हणून खिडकी बंद. ‘भेट मिळालेलं व्हाउचर’ दाबलं की “कृपया भेट देणाऱ्याशी संपर्क साधा”. दीर म्हणाला, “वहिनी, सोड ना आता, दादाला कळलं तर तो मलाच ओरडेल.” दिराचा दादा घरात वेगळंच म्हणत होता, ते इथे लिहीत नाही. पण मला आता पैशांपेक्षा त्या वाक्याचा राग आला होता.

ग्राहक चळवळीत आयुष्य घालवलेले एक काका आमच्या सोसायटीत आहेत. पुणे म्हणजे ग्राहक पंचायतीचं माहेरच, 1974मध्ये बिंदुमाधव जोशींनी ती इथेच सुरू केली. काकांनी माझी ईमेलची चळत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “अगं, यांनी कायद्याचं पहिलंच पान वाचलेलं नाही.”

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2, पोटकलम 7. त्यात सेवेच्या बाबतीत ग्राहक कोण, तर मोबदला देऊन सेवा घेणारा, आणि त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणारा दुसरा कोणीही. दोघंही. भेट देणारी मीही ग्राहक, भेट मिळालेला दीरही ग्राहक. ‘हा की तो’ हा प्रश्नच उरत नाही. एवढ्या एका ओळीसाठी मी किती संध्याकाळी त्या चॅटबॉटसमोर घालवल्या! काकांचा सल्ला साधा होता: यापुढे एकट्याने पत्र लिहायचंच नाही. प्रत्येक कागदावर दोघांची नावं, दोघांच्या सह्या, म्हणजे कोणाकडे बोट दाखवायची सोयच राहत नाही.

तसं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. हा अधिकारी ‘कस्टमर केअर’पेक्षा वेगळा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. आमच्या कंपनीने तो तपशील साइटच्या पार तळाशी, अटींच्या पानाच्याही पोटात ठेवला होता. पोच वेळेत आली, यंत्राने धाडलेली का होईना. महिना संपत आला तेव्हा ‘सद्भावना म्हणून’ एक प्रस्ताव आला: मुदतवाढीचं शुल्क कापून उरलेली रक्कम त्यांच्याच वॉलेटमध्ये, पुन्हा ठरावीक मुदतीसाठी. खाली मोठं हिरवं ‘स्वीकारा’. ते बटण दाबू नका. दाबलंत तर तुम्ही तडजोड मान्य केली असं म्हणायला ते मोकळे. आम्ही एका ओळीत कळवलं की पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परत हवेत.

मध्येच कोणीतरी सांगितलं की रिझर्व्ह बँकेकडे जा, गिफ्ट कार्डला किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते. तो नियम खरा आहे, पण बँका आणि परवानाधारक कंपन्या जी कार्डं काढतात त्यांच्यासाठी. जे व्हाउचर देणाऱ्या कंपनीकडेच चालतं ते त्या नियमनात येत नाही. त्यामुळे त्या वाटेला गेले नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मात्र जरूर मागा. त्यालाही मुदत असते, तेव्हा कंपनीशी पत्रापत्री संपायची वाट पाहू नका.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीत बोलता आलं, क्रमांक मिळाला, तक्रार कंपनीकडे गेली. पुष्कळांचं काम इथेच होतं. आमच्या कंपनीने तिथेही तेच वाक्य चिकटवलं. हेल्पलाइनला निकाल द्यायचा अधिकार नसतो, पण ते चिकटवलेलं उत्तर माझ्या पुराव्यात जमा झालं.

मग स्पीड पोस्टाने नोटीस. वकील लागत नाही, दोघांच्या सहीचं दीड पानी पत्र पुरतं. पैसे, तारखा, दोन खिडक्यांचा तो स्क्रीनशॉट, मागणी आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. त्यावर शांतता.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल केली. इथे मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं सोपं गेलं. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनीच्या अटींत ‘सर्व वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं ठासून लिहिलेलं होतं, आणि ते वाचून बरेच जण तिथेच गार पडतात. पण त्याच 2019च्या कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करता येते. मी पुण्यात राहते, तक्रार पुण्यात. तक्रारदार क्र. 1 मी, क्र. 2 दीर, आणि जाबदेणार कंपनी. ऑपरेटरला ओढलं नाही, त्याने आमच्याकडून दमडी घेतली नव्हती. तक्रार मराठीत लिहिली.

काकांनी मसुद्यात एकच शब्दप्रयोग खोडला, तो फार मोलाचा. मी तावातावाने ‘हा करारच अनुचित आहे’ असं लिहिलं होतं. अनुचित करार या कारणावर जिल्हा आयोगाला तक्रार ऐकता येत नाही, तो अधिकार राज्य आयोगाचा आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाचा. त्यामुळे जिल्ह्यात लिहायचं ते ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’. ‘परतावा मिळणार नाही’ या छापील अटीबद्दल बोलायचं तेही याच भाषेत: आम्ही मन बदललं म्हणून पैसे मागत नाही, मुदतीत आम्ही मागितलं आणि तुम्ही दिलं नाही म्हणून मागतो. हा फरक पहिल्या परिच्छेदातच यायला हवा.

प्रतिज्ञापत्र दोघांचं वेगवेगळं. दिराने नाशिकलाच नोटरी करून पाठवलं. स्क्रीनशॉट आणि ईमेल जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023च्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. पानांवर क्रमांक घालून अनुक्रमणिका करा, नाहीतर छाननीत परत येतं. आणि मुदत: वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘व्हाउचरची मुदत संपली, आता काय’ म्हणून गप्प बसलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय. व्हाउचर संपतं, तक्रारीचा हक्क नाही.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला लेखी जबाब द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. इतके दिवस मुक्या असलेल्या कंपनीला ती नोटीस पोचली मात्र, वकिलाचा फोन! अतिशय गोड आवाज. “मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी आपण दोघांनीही कशाला त्रास घ्यायचा?” मी म्हटलं, मी तर पहिल्या दिवसापासून हेच म्हणतेय. पूर्ण 6,800 आणि खर्चापोटी तीन हजार एवढ्यावर मिटलं. भांडले असते तर नुकसानभरपाई अजून मिळाली असती, असं काकांचं मत. मला त्या कंपनीचं नाव इनबॉक्समधून जायला हवं होतं.

दीर आणि जाऊ फेब्रुवारीत उडाले, थेट ऑपरेटरकडे पैसे भरून, आणि दोघांचे मिळून माझ्या व्हाउचरपेक्षा कमी लागले.

हो, एक राहिलं. कंपनीच्या वकिलाने तक्रार मागे घेतल्याची पुरसिस (आयोगाला द्यायचं सहीचं लेखी निवेदन) आधी पाठवा, पैसे संध्याकाळपर्यंत जमा होतील, असं सांगितलं होतं. पैसे खात्यात दिसल्याशिवाय ती देऊ नका. आमचे त्या संध्याकाळी आले नाहीत, पुढच्या आठवड्यात आले. सही केलेली पुरसिस तोवर माझ्या पर्समध्येच होती.