जनता चालू झाली, ऑटोमॅटिक अजून टेबलावर (ग्वाल्हेर, जूनचं अपडेट)

मागच्या वेळी दोन घड्याळं उघडून ठेवली होती, आजोबांची एचएमटी जनता आणि मी सेकंडहँड घेतलेलं स्विस ऑटोमॅटिक. जनताचं लवकर उरकतो. कमान (चावी दिली की आत गुंडाळली जाणारी स्प्रिंग) तुटली होती, पाटणकर बाजाराजवळ एक चाचा बसतात त्यांच्याकडे गेलो, त्यांनी मिठाईचा डबा उघडला, पिवळ्या पडलेल्या कागदी पुडीतून कोरी कमान काढली आणि माझा चहा संपायच्या आत काम झालं. १७ ज्वेलची (घासणं कमी करणाऱ्या बारीक खड्यांची) मशीन, सेकंदाला पाच ठोके, दिवसाला अर्धा मिनिट पुढे पळते, पळू दे.

आता दुसरं. आत ईटीए या स्विस कंपनीची २८२४-२ मशीन आहे आणि रोग असा की चावी द्यायला गेलं की मागचा रोटर (हात हलला की फिरून कमान भरणारं वजन) पंख्यासारखा गरगरायचा. ज्यांनी ही मशीन उघडलीये त्यांना कळलंच असेल, रिव्हर्सिंग व्हील. रोटर कुठेही फिरो, कमान एकाच बाजूला गुंडाळली जावी म्हणून ही दोन चाकं असतात, त्यांच्या आतल्या खिट्ट्या चिकटल्या किंवा झिजल्या की चावीचा जोर उलटा रोटरकडे जातो. दोन्ही धुतली, ल्युबेटात (या चाकांसाठीचं पातळ वंगण) बुडवून वाळवली, एक सुधारलं, दुसरं ढिम्म. भिंगाखाली धरलं तर खिट्टीचं टोक चक्क गोल झालेलं.

म्हणून कंपनीला मेल टाकला (नाव नाही लिहीत). उत्तर आलं की सुटे पार्ट विकत नाही, घड्याळ पाठवा, पूर्ण सर्व्हिस करू. जो आकडा सांगितला तो मी घड्याळ घेतलं त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि बिघडलंय काय तर डाळीच्या दाण्याएवढं एक चाक!

चाचांना सांगितलं तर हसले, म्हणे, "भैया, मरी कंपनी का सामान मिल जाता है, ज़िंदा का नहीं." खरंच की, एचएमटीची घड्याळं बंद करायला केंद्रानं २०१६ मधे मंजुरी दिली तरी पुड्या अजून डब्यातून निघतायत, आणि ईटीए रोज मशीनी बनवतेय पण तिच्या मालकानं, म्हणजे स्वॉच ग्रुपनं, २०१५ संपताना बाहेरच्या पार्टवाल्या व्यापाऱ्यांचा पुरवठाच तोडला. युरोपातल्या रिपेरवाल्यांच्या संघटनेनं तर २००४ मधेच युरोपियन कमिशनकडे तक्रार केली होती, इतकी वर्षं घासून २०१७ मधे कोर्टानं कंपन्यांच्याच बाजूनं निकाल दिला, की पार्ट फक्त अधिकृत माणसांना दिले तरी चालतं. कंपन्या म्हणतात असं केल्यानं काम नीट होतं आणि नकली माल थांबतो. काम नीट होण्याचं थोडं पटतं, मी स्वतः एका स्क्रूचं डोकं खरवडून ठेवलंय. पण नकलीचं नाही पटत, असली दिलं असतं तर मी बिननावाचं घेतलं असतं का?

तर हो, बिननावाचंच घेतलं. २८२४ इतकी जुनी आणि इतकी चालणारी की तिची जेनेरिक, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली, चाकं ऑनलाइन मिळतात, नाहीतर इथेच बसलो असतो. ज्यांच्या घड्याळात कंपनीची स्वतःची खास मशीन आहे त्यांचं काय होत असेल देव जाणे.

रविवारी दुपारी बसवली. पंखा बंद, कारण हवेनं चाक उडतं, आणि जूनमधे ग्वाल्हेरला पंखा बंद म्हणजे काय ते इथल्यांना विचारा. घाम टपकून पहिलं चाक चिमट्यातून सटकलं, पाऊण तास फरशीवर टॉर्च फिरवली, शेवटी माझ्याच बनियनला चिकटलेलं सापडलं. परत धुतलं, परत ल्युबेटा, परत वाळवण.

बसलं एकदाचं! चावी देताना रोटर आता शांत. पण अख्खा दिवस हातावर घालून रात्री काढून ठेवलं तर २६ तासांत थांबलं, यायला हवे ३८ च्या आसपास. म्हणजे हे जेनेरिक नीट भरत नाहीये किंवा बॅरलमधली (कमानीच्या डबीतली) कमानच थकलीये. आधी हातानं फुल चावी देऊन तास मोजतो, मग कळेल. तोवर केस बंद करत नाही.

आणि हो, चाचांना ती चाकं दाखवली तर भिंग लावून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले चार जोड्या माझ्यासाठीपण मागव. ऑर्डर टाकलीये, पार्सल आलं की लिहितो.