आंतरवासितेचे सोळा आठवडे आणि पूर्ततेचा दाखला : माझा अनुभव

बी.एड.ची सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या आणि पहिले वर्ष यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ते सारे वेळेवर पार पडले. त्रास झाला तो दुसऱ्या वर्षाच्या शालेय आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या इंटर्नशिपमध्ये, आणि तोही वर्गात शिकवताना नव्हे, तर ती पूर्ण झाल्याचा दाखला मिळवताना. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतील कामासाठी किमान वीस आठवडे राखले गेले : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. महाविद्यालयातील तासिकांना ८० टक्के उपस्थिती पुरते, आंतरवासितेला मात्र ९० टक्के लागते. ही अट मला आजही रास्त वाटते. वाद होता तो दिवस कोणते धरायचे याचा.

आठवड्याचे सहा दिवस धरले तर सोळा आठवड्यांचे ९६ दिवस होतात आणि त्यांपैकी किमान ८७ दिवस भरावे लागतात. आमच्या आंतरवासितेच्या मध्ये दिवाळीची सुट्टी आली, प्रथम सत्र परीक्षा आली, क्रीडा महोत्सव आला. सुट्टीचे दिवस वगळण्याला कोणाचीच हरकत नव्हती. परंतु ज्या दिवशी पाठ निरीक्षण वहीत स्वतःच्या पाठाची नोंद नाही, तो दिवस भरलाच नाही, अशी भूमिका महाविद्यालयाच्या कार्यालयाने घेतली. पहिल्या आठवड्यात आम्ही अनुभवी शिक्षकांचे तास मागच्या बाकावर बसून पाहिले, परीक्षेत पर्यवेक्षण केले, गुणतक्ते भरले. माझ्या हजेरीच्या तक्त्यातील हे सगळे दिवस लाल शाईने खोडले गेले.

शाळेकडून उपस्थितीचे पत्र आणावे म्हटले, तर शाळेचे लिपिक म्हणाले की शिक्षकांच्या हजेरीपटात छात्राध्यापकांची, म्हणजे आम्हा बी.एड.च्या विद्यार्थ्यांची, नावे नसतात, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या आदेशाशिवाय ते काही लिहून देऊ शकत नाहीत. मुख्याध्यापक नुकतेच सेवानिवृत्त झाले होते, आणि प्रभारी बाईंच्या स्वाक्षरीला शिक्षणाधिकारी कार्यालयाची मान्यता यायची होती. इकडे विद्यापीठाचा परीक्षा अर्ज भरण्याची मुदत जवळ येत होती आणि प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचे नाव सांगितले जात होते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते : शाळेत रुजू होताना स्वतंत्र हजेरी वही घालावी आणि तिच्यावर दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी पर्यवेक्षकांची स्वाक्षरी घ्यावी. माझ्या एका मैत्रिणीने तसे केले होते आणि तिचे काम एका भेटीत झाले.

या खोडलेल्या दिवसांचे मला इतके का लागले, तेही सांगते. नववीला प्रकाशाचे परावर्तन शिकवताना मी स्टीलची पळी नेली होती. पळीच्या आतल्या बाजूत चेहरा उलटा दिसतो, हे माझ्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, होते. एका मुलीने बोट पळीच्या अगदी जवळ नेले आणि ते सुलटे का दिसते, असे विचारले. मी टाचण बाजूला ठेवून नाभीचा (आरशावर आलेले समांतर किरण परावर्तित होऊन जिथे एकत्र येतात त्या बिंदूचा) मुद्दा तिच्या प्रश्नातूनच उलगडत नेला. हे धाडस मला मागच्या बाकावरून पाहिलेल्या तासांनी दिले होते. तासिकांचे वाटप, रजेवरील शिक्षकांच्या तासांची सोय, पोषण आहाराची नोंदवही यांतून शाळा कशी चालवली जाते, हे मी पाठ नसलेल्या दिवशीच मुख्याध्यापकांच्या दालनात बसून शिकले. उद्याचे मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी याच वर्गांतून येणार असतील, तर ते दिवस वाया गेलेले कसे म्हणता येतील?

अखेर मी विनियमांचे बी.एड.संबंधीचे परिशिष्ट ४ मुळातून वाचले. सुरुवातीचा एक आठवडा नियमित शिक्षकाच्या वर्गाचे निरीक्षण करण्यासाठी असावा आणि सहाध्यायींच्या पाठांचे निरीक्षणही आंतरवासितेचाच भाग असावा, असे तेथे स्पष्ट दिलेले आहे. ते पान जोडून मी प्राचार्यांकडे लेखी अर्ज केला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तोंडी विनंतीला कोणी दाद दिली नव्हती. शिक्का बसलेल्या अर्जाला उत्तर द्यावेच लागले. प्राचार्यांनी निरीक्षणाचे आणि परीक्षेचे दिवस ग्राह्य धरले, आणि तोवर प्रभारी बाईंच्या स्वाक्षरीची मान्यताही आली. त्या दिवशी मला पाठ चांगला झाल्यावर होतो तितकाच आनंद झाला.

सूक्ष्म अध्यापनाच्या (एकेक कौशल्य घेऊन केलेल्या छोट्या पाठांच्या) आणि सराव पाठांच्या वह्या निकाल लागेपर्यंत परत मागू नयेत, पण जमा करण्यापूर्वी त्यांच्या स्वाक्षरीच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत. कोणते दिवस धरले जाणार, हे आंतरवासिता सुरू होण्याआधीच महाविद्यालयाकडून लेखी मागावे. आणि दाखला हातात पडल्यावर त्यावर जावक क्रमांक, दिनांक आणि शाळेचा गोल शिक्का आहे की नाही, हे कार्यालयाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी पाहावे. माझ्या पहिल्या दाखल्यावर जावक क्रमांक नव्हता आणि तेवढ्यासाठी तो परत आला होता.