तीन वर्षांनंतरचा मंगळवार

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज ऑफिसात सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला, माहिती अपडेट करायची म्हणून, साधाच, आणि त्यात एक रकाना होता 'सेवानिवृत्तीचा दिनांक'. आजवर कितीतरी वेळा भरला असेल मी तो. आज तारीख लिहून झाल्यावर सहज बोटांवर मोजलं तर तीन वर्षं दोन महिने. बस्स तेवढेच. नंतर काम केलं दिवसभर पण डोक्यात तेच चाललेलं, म्हटलं लिहून काढावं, नाहीतर झोप लागायची नाही.

रिटायरमेंटबद्दल कुणालाही विचारा, एकतर म्हणतात फिरायचं नाहीतर म्हणतात आराम करायचा. फिरणार किती? वर्षातनं दोनदा, फार तर तीनदा. बाकीच्या दिवसांचं काय? मला ना एक साधा मंगळवार बघायचाय. तीन वर्षांनंतरचा कुठलाही. सण नाही, सुट्टी नाही, कुणाचा वाढदिवस नाही, सकाळचे अकरा वाजलेत आणि मी घरात आहे. काय करत असेन मी त्या वेळेला? हे चित्रच येत नाही डोळ्यासमोर, कितीही प्रयत्न केला तरी.

हिशोब करून बघितला. ऑफिसचे नऊ तास, जाण्यायेण्याचा दीड, म्हणजे रोजचे साडेदहा तास, वर्षाला २४० दिवस धरले तर २५२० तास होतात. निवृत्तीनंतर वीस वर्षं हातीपायी धड राहिले तर पन्नास हजार तासांच्या वर. आणि गेली तेहतीस वर्षं हेच तास कुणीतरी आधीच ठरवून दिलेले होते. कामाचा कंटाळा आला, राग आला, रडले पण आहे एकदोनदा, पण सकाळी उठून 'आज काय करायचं' हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. तो प्रश्न रोज सोडवायची सवयच नाहीये मला.

नवरा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला त्यामुळे जवळून बघितलंय थोडंफार. पहिले तीन महिने काय उत्साह होता! कपाटं आवरली, पंधरा वर्षांचे फोटो कॉम्प्युटरवर लावले, घरातला गळणारा एकूणएक नळ दुरुस्त केला, मित्रांना फोन. मला म्हणायचा, तू पण सोड आता, उगाच काय दमतेस. मग कपाटं आवरून संपली. फोटो संपले. मित्रांचे फोन पण हळूहळू कमी झाले, कारण ज्यांच्या नोकऱ्या चालू होत्या त्यांच्याशी बोलायला रोजचा विषयच उरला नव्हता. साधारण आठव्या महिन्यात एकदा मी संध्याकाळी घरी आले, विचारलं काय केलंस आज, तर म्हणाला, "आज दिवसभरात मी बोललेलं हे पहिलंच वाक्य आहे." सहज म्हणाला तो, तक्रार म्हणून नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर वाचनात आलं की रॉबर्ट ॲचली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच हे टप्पे मांडलेत. आधी मधुचंद्रासारखा काळ, मग भ्रमनिरास, मग पुन्हा घडी बसवणं आणि मग स्थिर होणं. सगळ्यांचं असंच आणि याच क्रमाने होतं असं नाही, पण नवऱ्याचं जवळजवळ तसंच झालं. ते वाचून मला इतकं हायसं वाटलं! त्याचं काही चुकत नव्हतं, माझंही नाही, ही वाटच तशी आहे.

आणखी एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना त्या किती ताण देतात त्याप्रमाणे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, नोकरीवरून काढून टाकणं ४७. आणि निवृत्ती ४५. म्हणजे हाकलून देणं आणि फुलं देऊन निरोप देणं यात फक्त दोन गुणांचा फरक. आपण समारंभात भाषणं करतो, फोटो काढतो, आणि ज्याला निरोप देतोय त्याच्यावर त्या दिवशी किती मोठं काय कोसळतंय याची कुणालाच कल्पना नसते. मी स्वतः अशी कितीतरी भाषणं केलीत, 'आता आयुष्य एन्जॉय करा' म्हणून.

हे आठवायचं कारण आमच्याकडचे एक ज्येष्ठ सहकारी. मला काम त्यांनी शिकवलं, सगळं, अगदी पत्र कसं लिहायचं इथपासून. रिटायर झाल्यावर तीनेक आठवड्यांनी ते ऑफिसात आले, काहीतरी कागद राहिलाय म्हणून. दारावर सवयीने कार्ड लावलं आणि दार उघडलं नाही, अर्थात कार्ड बंद केलेलं होतं. परत लावलं. मग वॉचमनने वहीत नाव लिहायला सांगितलं, वॉचमन नवीन होता, त्याची काय चूक. मी वरून जिन्याने येत होते, मला दिसले ते वहीवर वाकून लिहिताना, 'कोणाकडे काम आहे' या रकान्यापाशी पेन थांबलेलं. मी धावत खाली गेले, माझं नाव लिहा म्हटलं. कागदाचं काम दोन मिनिटांत झालं पण ते तासभर बसले माझ्यासमोर, आणि माझी मीटिंग होती, मी दोनदा घड्याळ बघितलं. ते त्यांनी पाहिलं. उठले, म्हणाले, "चला, येतो." त्यानंतर आले नाहीत. ते घड्याळ बघणं मला अजून टोचतं.

पैशाचं म्हणाल तर त्याची भीती आहे पण त्याला निदान आकडे आहेत, कागदावर मांडता येतं. ७२ चा नियम मला सगळ्यात उपयोगी वाटला, ७२ ला महागाईच्या दराने भागायचं, म्हणजे महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत आजचा खर्च दुप्पट. म्हणजे निवृत्तीनंतर मला तो दुप्पट झालेला बघायचाच आहे, कदाचित पुन्हा दुप्पट होताना पण. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने तिथल्या बाजाराचे जुने आकडे तपासून सांगितलं की पहिल्या वर्षी साठवणीच्या ४ टक्के काढले आणि मग दरवर्षी महागाईइतके वाढवत नेले तर पैसे तीस वर्षं पुरायला हवेत. तिथलं गणित जसंच्या तसं सगळीकडे लागू होईल असं अजिबात नाही, पण त्यातून एक कळलं की सुरुवातीच्या चारपाच वर्षांतच शेअर बाजार पडला आणि आपण तेव्हाच पैसे काढत राहिलो तर ती झीज नंतर भरून येणं फार अवघड असतं. म्हणून पहिल्या काही वर्षांचा खर्च वेगळा, हात न लागणाऱ्या जागी ठेवायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय. बाकी हिशोब नवरा बघतो, माझ्यापेक्षा चांगला बघतो.

या वर्षी मी एक केलं. साठलेली रजा होती, कुठे जायचं नव्हतं, तरी सलग पंधरा दिवस घेतली आणि घरी राहिले. तालीम म्हणून. साहेबांनी विचारलं कुठे निघालात, म्हटलं कुठेच नाही, तर त्यांना काही कळेना.

पहिला आठवडा फार सुंदर गेला. गजर नाही. दुपारी खिडकीतून ऊन कसं सरकतं ते मी या घरात इतकी वर्षं राहून पहिल्यांदा बघितलं, साधारण दोन वाजता ते पुस्तकांच्या कपाटावर येतं आणि चारला जातं. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार मात्र वाईट होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, घर आवरलेलं, सगळं झालेलं, फोन दोनदा बघून झाला, ऑफिसच्या ग्रुपवर शंभरेक मेसेज होते आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. कामं चालू होती सगळी व्यवस्थित. मी नसताना काही अडलं नाही याचं खरं तर समाधान वाटायला हवं होतं, कारण माणसं मीच तयार केलीत, पण पोटात खड्डा पडला. मी उठले आणि धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला टाकल्या.

आणि हे बायकांच्या बाबतीत जास्त होतं असं मला वाटतं. ऑफिस सुटेल पण घरकामाला कुठे निवृत्तीचा दिनांक आहे! रिकामा तास दिसला की घर तो गिळतं, आणि आपल्यालाच बरं वाटतं कारण निदान काहीतरी केलं. मला माझे पन्नास हजार तास चादरींमध्ये घालवायचे नाहीयेत. हे मी नवऱ्याला त्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं, की मी रिटायर झाले म्हणजे घरातलं सगळं आपोआप माझ्याकडे आलं असं होणार नाही, आत्ता जसं वाटून करतो तसंच. तो म्हणाला, हे सांगायला लागतंय का? म्हटलं हो, लागतं.

त्याच मंगळवारी दुपारची गोष्ट. साडेतीनच्या सुमाराला बघते तर नवरा शर्ट बदलून, दाढी करून टेबलापाशी बसलाय आणि पेन्सिलींना टोक काढतोय. चार पेन्सिली, एका ओळीत ठेवलेल्या. मला माहीत होतं की वरच्या मजल्यावरचा मुलगा गणित शिकायला येतो मंगळवारी आणि शुक्रवारी, पण मी ऑफिसात असते त्या वेळी त्यामुळे कधी बघितलं नव्हतं. चारला बेल वाजली. नवरा उठून दाराकडे गेला तो ज्या चालीने गेला ना, तशी चाल मी त्याची दीडदोन वर्षांत पाहिली नव्हती. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता आत. तासभर दोघांचे आवाज येत होते, मुलगा मध्येच म्हणायचा थांबा थांबा सांगू नका, मी करतो. मी दुसऱ्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते पण एक ओळ वाचली नाही.

मला माझ्या मंगळवारात तेच दिसत नव्हतं, ती बेल. छंद, वाचन, चालणं हे सगळं मी मनात मांडून बघितलं होतं पण त्या प्रत्येकात मी एकटीच होते, आज नाही केलं तर उद्या, कुणाचं काही बिघडणार नाही. चारला मी दार उघडलं नाही तर कुणीतरी बाहेर उभं राहील, असं काहीच नव्हतं त्यात. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून चालूय, तीच माणसं वर्षानुवर्षं, त्यांच्या म्हातारपणापर्यंत पाहिलेली, आणि त्यातही आढळलं की निवृत्तीनंतर जास्त सुखी तीच होती ज्यांनी कामावरच्या सोबत्यांच्या जागी प्रयत्न करून नवे सोबती मिळवले. प्रयत्न करून, हे महत्त्वाचं. ऑफिसात माणसं आपोआप मिळतात, बाजूच्या खुर्चीवर बसवलेलीच असतात.

शरीराचंही आहेच. वीस वर्षं म्हणजे सलग एकसारखी वीस वर्षं नाहीत हे मला आईकडे बघून कळलंय. पहिल्या दहात जे गुडघे ऐकतील ते पुढच्या दहात ऐकतीलच असं नाही, म्हणून चढायचं फिरायचं ते आधी आणि बसून करायचं ते नंतर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम पण. एका पायावर उभं राहायला मी सुरू केलंय दात घासताना. डाव्यावर राहते, उजव्यावर अजून नाही.

आज संध्याकाळी घरी आल्यावर तो फॉर्म, ती तारीख डोक्यात असताना मी त्या सहकाऱ्यांना फोन केला. तीनेक रिंग वाजल्या असतील. आवाज ओळखला त्यांनी लगेच. त्यांच्या हाताला बांधणीचं काम फार छान होतं, ऑफिसातले जुने फाटलेले रजिस्टर ते स्वतः शिवून बांधायचे, कुणी सांगितलेलं नसताना, आणि माझ्याकडे आईची पुस्तकं आहेत, पानं सुटलेली, कितीतरी वर्षं म्हणतेय बांधून घ्यायचीत. म्हटलं मला शिकवाल का? मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, दर मंगळवारी.

ते म्हणाले, "अहो मी तर रोजच मोकळा असतो, कधीही बोलवा."

म्हटलं, नाही, मंगळवारच. आणि मी वाट बघेन.

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग एकदम जुना आवाज आला, मला काम सांगताना असायचा तो, "जाड सुई आहे का घरात? आणि दोरा? दोऱ्याला लावायला मेण लागेल, ते मी आणतो. पुस्तकं आधी नीट झाडून ठेवा, आणि सुटलेली पानं क्रमाने लावा, तुम्हाला ते करायचा कंटाळा आहे, माहितीये मला."

आत्ता तेच करत बसले होते. पहिल्या पुस्तकाची एकतीस ते चाळीस पानं सापडत नाहीयेत.