मे महिन्यात सड्यावर गाडी नेऊ नका

माळटिटवी घरटं असं बांधतच नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, उघड्या जमिनीत एक उथळ खळगा, कडेला थोडे बारीक खडे, आणि त्यात साधारण चार अंडी, मातकट, काळपट ठिपक्यांची, शेजारी उभं राहिलं तरी दिसत नाहीत. आणि हे सगळं ऐन एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दुपारी त्या जांभ्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. मग अंडी उन्हात भाजू नयेत म्हणून टिटवी वर सावली धरून उभी राहते, जवळपास पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. पिल्लं बाहेर आली की लगेच चालायला लागतात, आणि धोक्याची हाक आली की जागच्या जागी अशी दबून बसतात की खडा कुठला नि पिल्लू कुठलं काही कळत नाही.

हे एवढं सांगतोय कारण उन्हाळ्यात सड्यावर काय ठेवलंय, नुसता काळा कातळ आणि वाळलेलं गवत, असं गोव्यात सगळीकडे ऐकू येतं. चतुर्थीच्या आसपास फुलं बघायला लोक हौसेने जातात, तेव्हा सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सगळा सडा रंगलेला असतो, छानच आहे ते, पण मला विचाराल तर वैशाखातला सडा बघायला जास्त मजा येते, कारण तिथे प्रत्येक गोष्ट शोधावी लागते.

हणजुणे, वागातोर किंवा खाली काणकोणात काब द राम, कुठेही कड्याच्या बाजूला जा. खारा वारा आणि ऊन खाऊन झुडपं कमरेएवढीच राहतात, पण त्यांच्यावर लालभडक पिटकोळी फुललेली असते आणि तिच्यावर शिंजीर पक्षी सकाळपासून नाचत असतात. अंजनी तर बघाच, पानं जाड चकचकीत, आणि फांदीला घट्ट चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, लांबून वाटतं कुणी फांदीला रंग फासलाय. थोडं आत वळलं की कुसर आणि कुड्याची पांढरी फुलं. करवंदं, चुन्नां, जांभळं याच दिवसांत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात येतात ती बरीचशी असल्याच रानातली, आणि ती फक्त आपल्यासाठी नाहीत, सड्यावर कोल्ह्याची विष्ठा दिसली तर नीट बघा, फळांच्या बियांनी भरलेली असते, नवीन झाडं कुठून येतात ते तिथेच कळतं. खाली वाळूवर मर्यादवेलीची जांभळी फुलं.

कड्यावरून आणखी एक सुख म्हणजे शिकारी पक्षी वरून बघायला मिळतात. एरवी आपण घारीचं पोट बघतो, इथे ब्राह्मणी घारीची विटकरी पाठ आपल्या पायाखालून जाते. नशीब असेल तर समुद्री गरुड, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, पंख थोडे वर उचलून तरंगतो आणि मासे तर पकडतोच पण समुद्रसापसुद्धा उचलतो.

आणि याच जागेवर संध्याकाळी सनसेटच्या रीलसाठी जीप आणि मोटारसायकली थेट कड्याच्या टोकापर्यंत चढवतात. चाकाखाली काय आलं ते चालवणाऱ्याला समजतसुद्धा नाही, खरंच वाईट वाटतं. गुराखी ओरडून सांगतात, थंय वचूं नाका, तांतयां आसात (तिकडे जाऊ नका, अंडी आहेत), पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय. अंडी तर आहेतच, शिवाय जांभ्याच्या भेगांत जी चार बोटं माती असते तिच्यात पावसाळी फुलांचे कंद आणि बिया झोपलेल्या असतात, ती माती एकदा चाकाने उखडली की पहिल्या पावसात वाहून जाते. आणि जांभा पाणी मुरवतो, पायथ्याच्या गावांतले झरे आणि विहिरी त्याच पाण्यावर चालतात, म्हणजे सडा फक्त फुलं बघणाऱ्यांचा विषय नाही.

बघायचं असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा, सकाळी लवकर पायी जा, गुरांच्या वाटेनेच चाला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की फोटो वगैरे विसरा आणि आल्या पावली मागे फिरा, तुम्ही उभे असेपर्यंत अंडी उन्हात पडलेली असतात. फुरसं, म्हणजे विषारी साप, दगडाखाली असतं, म्हणून दगड उलटू नका, बूट घालून जा.

जूनमध्ये पहिले पाऊस झाले की त्याच भेगांतून काळी मुसळीची पिवळी चांदणी आणि पांढरी दिपकाडी वर येते. कोकण-गोव्याच्या सड्यांवरची ही दिपकाडी जगात दुसरीकडे सापडत नाही, मी तेव्हा परत जाणारच आहे, तुमच्या गावच्या सड्यावर दिसली तर कळवा.